पाणी मार, परत कर

सोमवार, ९ तारीख

आणि वर टाळ्या वाजवल्या मी. सगळा हॉल वाजवत होता, तुझे बाबा तर उभे राहून वाजवत होते. मी एकटीच हात मांडीवर ठेवून बसले असते तर शेजारचे म्हणाले असते, ही खडूस बाई कुठून आली. म्हणून वाजवल्या. पण तू जे बोललीस ते मी ऐकलंय. शेवटच्या रांगेत होते तरी ऐकलं, माइक चांगला होता.

"माझे हात मॅडमनी घडवले."

हात मॅडमनी घडवले. मग मी काय घडवलं, कोपरं? नऊ महिने माझ्या पोटात होतीस तेव्हा हात कुठे ठेवले होतेस, मॅडमच्या कपाटात?

तू म्हणशील, तुला बोलावलं कोणी होतं. कोणीच नाही. तुझ्या हॉस्टेलच्या वॉचमननं बाबांना सांगितलं की वेगवेगळ्या हॉस्पिटलांतल्या शिकाऊ डॉक्टरांची स्पर्धा आहे, बायकांच्या पोटाची दुर्बिणीची ऑपरेशनं शिकतात त्यांची, आणि आपली पोरगी त्यात आहे. आपली पोरगी, असं वॉचमन म्हणाला. त्याला माहीत, आईला नाही. मी दुकान बंद ठेवलं. दुकान म्हणजे जिन्याखालचं एक टेबल आणि एक इस्त्री, पण बंद ठेवलं म्हणजे ठेवलं. गडद कपडे घालून आले. आजकाल गडदच घालते.

पडद्यावर तुझे हात दिसलेच नाहीत. डब्याच्या आतले लांब दांड्यांचे दोन चिमटे दिसले, एक वाकडी सुई दिसली, दोरा दिसला. शेजारचा माणूस बायकोला समजावत होता की पोटाला बारीक भोकं पाडतात, एकातून कॅमेरा घालतात, बाकीच्यांतून चिमटे, आणि पडद्याकडे बघत आत शिवतात, म्हणून ही पोरं आधी डब्यात शिकतात. मी म्हटलं, मला नका सांगू, आमच्या घरी डबा आहे. सगळ्यांच्या आधी गाठ तू मारलीस. मग परीक्षकानं विचारलं, तुझा डावा आणि उजवा दोन्ही इतके सारखे कसे चालतात. तेव्हा तू ते वाक्य बोललीस.

आता ऐक. तू जन्माची डावरी. शाळेत डाव्या हातानं लिहायला लागलीस तेव्हा मी पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायचे. त्यावरून तू मला आजवर ऐकवत आलीस. मी अजूनही म्हणते, बरोबर केलं. डावा तुझा होताच, उजवा मी शिकवला. एका माणसाला दोन हात आले ते कोणामुळे? त्या बाईला आयते मिळाले.

मग ती बाई स्टेजवर आली, तुझा हात धरून वर केला आणि म्हणाली, ही माझी मुलगी आहे. 'मुलीसारखी' असं नाही म्हणाली, 'मुलगी'च म्हणाली. मी नीट कान देऊन ऐकलं. आणि तू हसलीस.

आणखी एक. तुझ्या पांढऱ्या कोटाच्या बाहीला दोन घड्या होत्या. शेवटच्या रांगेतून दिसल्या मला. कोण करतं इस्त्री? जो कोणी करतो त्याला सांग, बाहीची शिवण आधी जुळवायची, मग इस्त्री फिरवायची. माझ्या हातचा कोट घालून तू अशी कधी चारचौघांत उभी राहिली नव्हतीस.

बाबा म्हणाले, भेटून जाऊ. मी म्हटलं, ती तिच्या आईबरोबर आहे, आपण मध्ये कशाला. चहा न घेता निघालो.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. हे वॉचमनकडे ठेवायला बाबा येतील. चौथीपर्यंतच शिकलेय, चुका असतील, दोघी मिळून हसा. आणि त्या कोंबडीच्या तंगडीचं अजून मनात धरून बसली असशील तर सोडून दे. ती चूक होती. चूक कोणाच्याही हातून होते.

आई. खरी.


शनिवार, १४ तारीख

चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, औषधाच्या कागदामागे दोन ओळी. "आई, ती चूक नव्हती. दोरे मला कचऱ्यात वेगळे सापडले." संपलं. ना आई कशी आहेस, ना बाबांचा गुडघा कसा आहे.

बरं, मग होऊनच जाऊ दे तंगडीचं.

त्या दिवशी सुट्टी होती तुला. तंगडी आणलीस, बुटाच्या खोक्याच्या त्या डब्यात घातलीस आणि दिवसभर तिच्या कातडीला निळ्या दोऱ्यानं टाके घालत बसलीस. मी जेवायला हाक मारली, म्हणालीस थांब. परत मारली, परत थांब. जेवण गार झालं, मी पण गार झाले. मग ती तंगडी वाटीत झाकून फ्रीजमध्ये ठेवलीस आणि बाबांना म्हणालीस, उद्या मॅडमना दाखवणार, मॅडम खूश होतील. बाबांना म्हणालीस. मला दाखवली नाहीस. मी फ्रीज उघडला म्हणून मला दिसली.

सकाळी तुझा जेवणाचा डबा भरायचा होता. मला वाटलं पोरगी काल उपाशी राहिली, रोज कँटीनचं खाते, आज काहीतरी बरं देऊ. घरात तेवढंच होतं. शिजवलं. आता दोरे काढले त्यात काय झालं? दोऱ्यासकट शिजवीन इतकी अडाणी समजतेस का मला? एकेक टाका कापून काढला. फार बारीक होते, चष्मा लावावा लागला. सगळे एका मापाचे, एक इकडे नाही, एक तिकडे नाही. तू त्यात किती चांगली आहेस ते मला तेव्हाच कळलं. त्यासाठी हॉल आणि माइक लागला नाही.

आणि तू काय केलंस? डबा उघडून बघितलास, बॅग भरलीस आणि हॉस्टेलवर गेलीस. नवऱ्यापायी, सासूपायी घर सोडलेल्या पुष्कळ बघितल्या. तंगडीपायी सोडणारी तूच.

वॉचमन म्हणतो, रविवारी तू मॅडमच्या घरी जातेस. त्यांच्याकडे खरा डबा आहे म्हणे, विकतचा, आत दिवा असलेला. असेल. आमचा बुटाचा. ती बाई जेवायला हाक मारते तेव्हा पहिल्या हाकेला उठतेस का? सहज विचारते.

बाबा म्हणतात, तू जळतेस तिच्यावर. मी म्हटलं, जळायला मी काय लाकूड आहे. ते म्हणाले, लाकूड नाहीस गं, जुनी कोळशाची इस्त्री आहेस. वरून सपाट, आत निखारे. तुझे बाबा बोलायला लागले की असं बोलतात, म्हणून मी त्यांना फार बोलू देत नाही.

तुझा खोक्याचा डबा इथेच राहिलाय. झाकणाला मोबाइल ठेवायला भोक, पुढे चिमट्यांची दोन भोकं. तू टाकून दिलेले चिमटे पण आहेत, गंजलेले. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हटलं बघू तरी ती बाई असं काय मोठं शिकवते. आत वाटाणे टाकले, वर बाबांचा मोबाइल ठेवला आणि चिमटे धरले. हे कसलं मेलं यंत्र? हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. वर उचलला की खाली. एक वाटाणा मी जवळ ओढत होते आणि तो लांब लांब पळत होता. बाबा मागे उभे. म्हणाले, जवळ पाहिजे असेल तर उलटा हात ने. मी म्हटलं, मला सरळच येतं. शेवटी झाकण उघडलं आणि बोटांनी उचलला.

उचलला की नाही? मग झालं तर.

आता बसते जरा. आजकाल टेबलापाशी उभं राहिलं की मध्येच बसावं लागतं. उन्हाळा असेल.

आई


गुरुवार, १९ तारीख

तुझ्या मॅडमना बघून आले.

घाबरू नकोस, तुझं नाव काढलं नाही. वॉचमनला विचारून मंगळवार निवडला, मंगळवारी तू ऑपरेशनच्या खोलीत असतेस. स्टेजवर लांबून बघितली होती, म्हटलं एकदा जवळून बघू, असं काय आहे त्या बाईत. पण डॉक्टरला नुसतं बघायला कोणी आत सोडत नाही, आधी आपण आजारी असावं लागतं. म्हणून बायकांचं काहीतरी दुखणं सांगितलं आणि बसले बाकावर. खोटंच सांगितलं.

दिसायला काही विशेष नाही. माझ्याच वयाची. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. चपला साध्या. मला वाटलं होतं की बाई उंच असेल, मऊ बोलत असेल, तुला लाडीगोडीनं ओढलं असेल. कसली लाडीगोडी, माझ्यासारखीच खेकसते. माझ्यापुढच्या बाईला म्हणाली, इतके दिवस काय गोळा करत होतीस, आधी यायला काय झालं होतं. अशीच आई पाहिजे होती तर घरची काय वाईट होती?

मला तपासायच्या आधी तिनं दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. हे तू करतेस का? नसशील करत तर करत जा. बाईचं शिकण्यासारखं तेवढंच सापडलं.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. तिच्या खोलीला लागून तुमची ती शिकायची खोली. मधलं दार उघडं होतं. चार-पाच पोरं-पोरी डब्यांपुढे उभ्या, मान वर करून पडद्याकडे बघत. एका चष्मेवाल्या मुलाचा टाका वाकडा गेला असावा. बाईनं माझ्या कागदावरून मान वळवली, तिकडे बघितलं आणि ओरडली, "पाणी मार, परत कर."

मी बाकावरून उठलेच.

हे वाक्य माझं आहे. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून त्या टेबलापाशी मी ते म्हणत आलेय. कपड्याला एकीच्या दोन घड्या पडल्या की त्याच्यावर रागावून उपयोग नसतो, घासून उपयोग नसतो, पाणी मारायचं आणि परत करायचं. तुझं गणित चुकलं की म्हणायचे, बाबांची नोकरी गेली तेव्हा म्हटलं. जगात दुसरं कोणी हे वाक्य म्हणत नाही. आणि ती बाई तिच्या पोरांना ते असं फेकते, जसं काही तिच्या बापाची कमाई.

म्हणजे हात तिनं घडवले, मुलगी तिची, आता वाक्य पण तिचं. तू दिलंस ना तिला? घरातून काय काय नेऊन देते आहेस त्या घरात? उद्या माझी इस्त्री पण नेशील.

मी एक शब्द बोलले नाही. कागद घेतला आणि आले.

आई

कोटाला कोण इस्त्री करतं त्याचं उत्तर दिलं नाहीस.


मंगळवार, २४ तारीख

डावरे,

कितीतरी वर्षांनी ही हाक मारली. आवडली नाही तर कागद उलटा ठेव, पण वाच.

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. लिहिलंस की मी तुझ्या मॅडमच्या ओपीडीत जाऊन नाटक केलं, तुला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, आणि यापुढे कुठल्याही कारणानं मी तिथे पाऊल ठेवायचं नाही. कुठल्याही कारणानं, खाली रेघ मारून.

नाटक असतं तर बरं झालं असतं. मी खोटं दुखणं सांगितलं असं तुला लिहिलं, तेच खोटं होतं. बाकावर बसल्यावर काय सांगायचं सुचेना, म्हणून जे होतं ते सांगितलं. अंगावरून फार जातं. पुष्कळ महिने झाले. हॉलमधून मध्येच दोनदा उठले होते ते त्याचसाठी. घरात बायकांची डॉक्टर असताना तिला सांगितलं नाही, कारण घरात ती नव्हती. फोनवर सांगितलं असतं, पण फोन तू उचलत नाहीस. आणि पत्रात लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, आई मला परत बोलवायला आजारी पडली.

मी बाईला बघायला गेले आणि बाईनंच मला बघितलं. पिशवीत गाठी आहेत, मोठ्या. सोनोग्राफी झाली. तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आज आला, वाईट रोग नाही. रक्त फार कमी होतं, शनिवारी मागच्या इमारतीत चढवलं. तू समोरच्या इमारतीत होतीस. खिडकीतून तुमचा जिना दिसत होता. बाबा म्हणाले, हाक मारू का. मी म्हटलं, मारून बघा मग.

आता उरलेलं सांगते, गेल्या वेळी अर्धंच लिहिलं होतं.

बाई पाणी मार म्हणाली तेव्हा मी गप्प बसले नाही. गप्प बसणं मला कधी जमलंय? मी म्हटलं, हे वाक्य कुठून आणलंत? बाई हसली. म्हणाली, माझं नाही, माझ्या एका शिकाऊ मुलीच्या आईचं आहे. मुलगी गाठ सुटली की स्वतःशीच पुटपुटायची, पाणी मार, परत कर. आता सगळे म्हणतात. नवा मुलगा आला होता, हाच चष्मेवाला, ऑपरेशन चालू असताना मी सवयीनं म्हटलं पाणी मार, तर त्यानं खरंच पेशंटच्या पोटात पाण्याची नळी सोडली. माझा अर्धा वेळ ते शोषून काढण्यात गेला.

मग म्हणाली, त्या आईचं इस्त्रीचं दुकान आहे. ती मुलगी कोणाच्याही कोटाच्या दोन घड्या लगेच ओळखते. माझ्या कोटाला नावं ठेवते. स्वतःचा कोट मात्र स्वतःच करते, लाँड्रीत देत नाही, आणि तिला काही तो जमत नाही.

म्हणजे त्या घड्या तुझ्या हातच्या. मग ठीक आहे. मी उगीच त्या लाँड्रीवाल्याला शिव्या घातल्या.

मी म्हटलं, ती आई मी.

बाईनं पेन खाली ठेवलं. उठली, मधलं दार लावलं, परत येऊन बसली. माझ्याकडे नीट बघितलं, मी पण बघून घेतलं. मग म्हणाली, तिला माहीत आहे का हे? मी म्हटलं नाही, आणि तुम्ही सांगायचं नाही. ती म्हणाली, पेशंटचं मी कोणाला सांगत नसते. आणि नाही सांगितलं, हे तुझ्या चिठ्ठीवरून कळलंच मला. रोज तुझ्याशी बोलते आणि हे पोटात ठेवते. बाईनं शब्द पाळला, याचाही मला राग आहे. कुठेतरी चुकली असती तर बरं वाटलं असतं.

पिशवी काढायचं ठरलंय. दुर्बिणीनं, ती स्वतः करणार. येत्या सोमवारी मला भरती व्हायचंय, बुधवारी ऑपरेशन.

आता तू नीट समजून घे, मला नेमकं काय टोचतंय. मरायची भीती नाही. कापण्याची नाही. ती पिशवी म्हणजे तुझी पहिली खोली. तुझ्यानंतर तिथे कोणी राहिलं नाही. आणि ती खाली करायला कोण येणार, तर तीच बाई, जी सगळ्या हॉलसमोर म्हणाली की ही माझी मुलगी. तू माझ्याकडून गेलीस, आता तू जिथे होतीस ती जागा पण तिच्याच हातानं जाणार. आणि तू बाहेर कुठेतरी वाटाणे उचलत असणार. हे मला चालणार नाही. आज रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा मी तिला तसं तोंडावर सांगितलं. म्हटलं, आत माझी मुलगी पाहिजे.

ती नाही म्हणाली. म्हणाली, आपल्या माणसाच्या टेबलापाशी डॉक्टरनं उभं राहायचं नसतं, तिथे हात डॉक्टरचा राहत नाही, नात्याचा होतो. मी म्हटलं, मला नात्याचाच पाहिजे. ती म्हणाली, नियम आहे. मी म्हटलं, तुम्ही माझ्या मुलीला तुमची म्हणालात तेव्हा नियम कुठे होता?

मग बाई पहिल्यांदा खाली बघत बोलली. म्हणाली, ते मी बोलायला नको होतं. पण खरं सांगू का, ती रविवारी माझ्याकडे येते, डब्यावर बसते, जेवते, आणि सगळा वेळ तुमच्याबद्दल बोलते. आई असं म्हणते, आई तसं करते. माझ्या टेबलावर बसून तुमच्या हातच्या जेवणाचं सांगते. स्टेजवर मला वाटलं, एकदा तरी माझी म्हणून घ्यावं.

मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे तिकडे पण इस्त्री तापलेलीच आहे.

शेवटी ती म्हणाली, कापायला देणार नाही, शिवायला देणार नाही. कॅमेरा धरू देईन. तेही तिनं स्वतः येऊन सांगितलं तर. हात हलला तर त्या क्षणी बाहेर काढीन आणि दुसऱ्याला उभं करीन. दुसरा कोण, विचारलं. तर तो चष्मेवाला. पाणी मारणारा.

मी विचारलं, कॅमेरा धरणाऱ्याचं काम काय? म्हणाली, तो म्हणजे माझे डोळे. तो दाखवतो तेवढंच मला आत दिसतं. तो वळला नाही तर मी आंधळी.

म्हणजे माझ्या पोटात ती बाई तुझ्या डोळ्यांनी बघणार. तू दाखवशील तेवढंच तिला दिसणार, एक टाका जास्त नाही. हे मला पटलं. त्या खोलीचं दार तू उघड, तिला तू आत घे, आणि शेवटी कॅमेरा तूच बाहेर काढ. एवढं केलंस तर पिशवी तिनं काढली तरी माझं काही म्हणणं नाही. स्टेजवर हवं ते बोल मग.

तुझा हात हलेल असं तुला वाटत असेल, तर उजव्यानं धरू नकोस. डाव्यानं धर. माझ्याकडून तुला पूर्ण मोकळीक आहे, कोणी काही म्हणालं तर म्हणावं आईनं सांगितलंय.

आणि तू नाहीच आलीस तर तेही ठरवलंय. दुर्बीण रद्द करीन आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे जाईन. तो झाकण उघडून हातानं उचलतो. मग तीन महिने मी टेबलापाशी उभी राहणार नाही आणि गल्लीतले सगळे चुरगळलेले फिरतील, त्यांना सांग कोणामुळे.

बाबा हे वाचून म्हणाले, अगं, असं दटावून ती येणार आहे का? खोक्यातला वाटाणा आठव. उलटा हात ने. लिही की पोरी, तुला वेळ नसेल तर राहू दे, आम्ही बघून घेऊ. मी तसं लिहून बघितलं. वर खोडलेली ओळ दिसते आहे ना, तीच ती. नाही जमलं. मला सरळच येतं.

ये.

बाबांबरोबर तुझा इथे राहिलेला कोट पाठवतेय. ऑपरेशनच्या खोलीत हिरवे कपडे घालतात हे मला माहीत आहे, ते काही माझ्या टेबलावर येणार नाहीत. पण त्या दारापर्यंत तरी हा घालून ये. बाहीला एकच घडी आहे. बसून केली, तरी एकच आहे.

बाईला रविवारी नाव कळवायचंय, कॅमेऱ्याला कोण ते. म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे. हो किंवा नाही. औषधाच्या कागदामागे लिहिलंस तरी चालेल.

आई